चिलखत घातलेली ती बाई शियांगफेई आहे याला पुरावाच नाही

चीनच्या च्येनलोंग बादशहाची लाडकी 'सुगंधी राणी' शियांगफेई म्हणून चिलखतातल्या एका बाईचं पेंटिंग सगळीकडे फिरतं, आणि सोबत स्टोरी ठरलेली, की ती बंडखोराची विधवा, कैद करून आणलेली, बाह्यांत खंजीर लपवून ठेवायची, बादशहाला जवळ येऊ दिलं नाही आणि शेवटी राजमातेने तिला मरायला लावलं. हे खरं नाहीये.

या स्टोरीमागची खरी बाई म्हणजे रोंगफेई, वायव्य चीनमधल्या शिनजियांगची मुस्लिम, आणि तिच्या घरच्यांनी तर बंडखोरांविरुद्ध बादशहाला साथ दिली होती. ती 1760 मध्ये राजवाड्यात आली, 1765 च्या दक्षिण दौऱ्यात बादशहासोबत होती, 1768 मध्ये तिला बढती मिळाली. राजमाता वारली 1777 मध्ये, रोंगफेई 1788 मध्ये, म्हणजे 11 वर्षांनी, मग राजमातेने मारलं कसं?

पेंटिंग इटालियन चित्रकार कास्तिल्योनेच्या नावावर खपवतात, पण त्यावर ना त्या बाईचं नाव ना चित्रकाराची सही. 1914 च्या सुमारास बीजिंगच्या प्रदर्शनात ते शियांगफेईचं म्हणून लावलं आणि तिथून हे पसरलं. शिनजियांगमधल्या काशगरला तिची म्हणून दाखवतात ती कबरही तिची नाही, रोंगफेईची कबर बीजिंगच्या पूर्वेकडच्या शाही दफनभूमीत आहे. बादशहासोबत जवळपास 28 वर्षं राहिलेल्या बाईला कैदी म्हणून लक्षात ठेवणं हा तिच्यावर अन्यायच आहे.