केव्ही म्हणजे ताकद नव्हे: बाल्साचं विमान इलेक्ट्रिक करताना होणारी एक गल्लत

रेडिओवर उडवायच्या मॉडेल विमानाचं, चाळीसच्या ग्लो इंजिनासाठी (0.40 घन इंचाचं, मिथेनॉलच्या इंधनावर चालणारं छोटं इंजिन) आखलेलं बाल्साचं, म्हणजे हलक्या लाकडाचं, ट्रेनर (शिकाऊ) किट घ्या. पंख साधारण 60 इंच, उडायच्या तयारीत वजन 2.3 ते 2.5 किलो. त्यात इंजिनाऐवजी इलेक्ट्रिक मोटार बसवायचं ठरलं की पहिला प्रश्न येतो, "किती केव्हीची घेऊ?" आणि उत्तर मिळतं, "भाऊ, विमान मोठं आहे, मग मोठ्या केव्हीची घ्या." प्रश्न चुकीच्या टोकाकडून सुरू झालेला असतो आणि उत्तर तर सरळ उलटं असतं. 1400 केव्हीची मोटार 700 केव्हीच्या मोटारीपेक्षा दुप्पट ताकदवान नसते. मोठ्या विमानाला, मोठ्या प्रॉपला (पुढच्या पंख्याला) बहुतेक वेळा कमीच केव्ही लागतो. हे उलटं धरलं की आधी ईएससी (मोटारीचा वेग सांभाळणारं सर्किट) जातो, पाठोपाठ मोटार, आणि महिनाभर घासून-चिकटवून उभं केलेलं लाकूड रानात आडवं होतं.

ही गल्लत आपल्याकडे जास्त होते, त्याला कारण आहे. आपल्या कानावर लहानपणापासून 11 केव्हीची लाइन, 33 केव्हीचं सबस्टेशन, 63 केव्हीएची डीपी, 100 केव्हीएची डीपी हेच पडलेलं. भुसावळकडच्या माणसाला तर दीपनगरच्या वीजकेंद्रामुळे हे शब्द घरचेच. त्या सगळ्यांत आकडा मोठा म्हणजे काम मोठं. इंग्रजीत लिहिताना किलोव्होट आणि मोटारीचा केव्ही यांत निदान लहान-मोठ्या अक्षरांचा फरक दिसतो. देवनागरीत दोन्ही "केव्ही"च. पण मोटारीवरच्या केव्हीचा किलोव्होटशी काही संबंध नाही. एक व्होट दिला की रिकामी मोटार, म्हणजे प्रॉप न लावलेली, मिनिटाला किती फेरे फिरेल एवढंच तो आकडा सांगतो. 800 केव्हीच्या मोटारीला 10 व्होट दिले तर ती रिकामी साधारण 8,000 फेरे फिरते. त्यात ताकदीचा शब्दही नाही.

वॉटबद्दल फार सांगायला नको. व्होट गुणिले अँपिअर, घरच्या बिलात येतो तोच. विमान उचलतो तो वॉट.

शेतातल्या पंपावरची पट्टी आठवा. 5 एचपी, 3.7 किलोवॉट, 2880 आरपीएम असं तिच्यावर लिहिलेलं असतं. विहिरीवर मोटार घ्यायला गेलेला शेतकरी "किती आरपीएमची?" असं आधी विचारत नाही, "किती एचपीची?" असं विचारतो. 2880 ची मोटार 1440 च्या मोटारीपेक्षा दुप्पट पाणी उचलते असं कोणी म्हटलं तर कुणीही थांबवेल. 1440 फेऱ्यांचीसुद्धा 10 एचपीची मोटार असते आणि 2880 ची अर्ध्या एचपीचीही असते. विमानाच्या मोटारीत एचपीच्या जागी वॉट आणि आरपीएमच्या जागी केव्ही. पंपाच्या बाबतीत जे आपल्याला न शिकवता कळतं, ते छोट्या मोटारीपुढे आलं की विसरतो.

आता आतलं कारण. कुठल्याही तालुक्याच्या गावी रिवाइंडिंगच्या दुकानात बसलेल्या माणसाला हे लगेच पटेल. मोटारीच्या आतल्या त्याच लोखंडी दात्यांवर, चुंबक लावलेल्या त्याच मापाच्या बाहेरच्या भांड्यात, जाड तारेचे 7 वेढे घातले की एक केव्ही मिळतो. बारीक तारेचे 14 वेढे घातले की केव्ही बरोबर निम्मा होतो. तांबं तेवढंच, लोखंड तेवढंच, चुंबक तेच. म्हणून मोटार किती उष्णता सोसेल आणि किती वॉट पेलेल, तेही जवळजवळ तेवढंच राहतं. बदलतं ते एवढंच की तेवढे वॉट मोटार कमी व्होट आणि जास्त अँपिअरमध्ये मागते, की जास्त व्होट आणि कमी अँपिअरमध्ये.

आकड्यांत बघू. आपल्या 2.3 किलोच्या ट्रेनरवर 12x6 चा प्रॉप (व्यास 12 इंच; पिच, म्हणजे एका फेऱ्यात पुढे सरकण्याचं माप, 6 इंच) मिनिटाला 9,200 फेऱ्यांनी फिरवायचा आहे. त्यासाठी प्रॉपच्या दांड्याला साधारण 430 वॉट लागतात. मोटार आणि ईएससी मिळून पाचवा हिस्सा उष्णतेत घालवतात असं धरलं तर बॅटरीतून 540 वॉटच्या आसपास निघायला हवेत. हेच काम 3 सेलच्या लिथियम बॅटरीवर (सेल वाढले की व्होट वाढतात) 1070 केव्हीची मोटार 50 अँपिअर ओढून करते. 4 सेलवर 800 केव्हीची मोटार ते 38 अँपिअरमध्ये करते, आणि 6 सेलवर 530 केव्हीची 25 अँपिअरमध्ये. तिन्हींत प्रॉप तोच, फेरे तेच, ओढ तीच, वॉट तेच. आता यातली सगळ्यांत ताकदवान मोटार कोणती? प्रश्नालाच अर्थ नाही. फरक इतकाच की तारेतली उष्णता अँपिअरच्या वर्गाने वाढते. म्हणून 50 अँपिअरवाल्या जोडणीच्या तारा 25 वाल्यापेक्षा चौपट तापतात. शक्य असेल तिथे एक सेल वाढवून केव्ही कमी करावा, हे माझं ठाम मत आहे. भुसावळच्या मे महिन्यात तर दुसरा पर्यायच धरू नये.

मोटार जळते ती कशी, तेही बघा. वरच्या 4 सेलच्या जोडणीत 800 ऐवजी "जास्त ताकदीची" म्हणून 1400 केव्हीची मोटार बसवली, प्रॉप 12x6 चाच ठेवला. भाराखाली मोटार केव्ही गुणिले व्होट यांच्या 75 ते 80 टक्के फेरे गाठायला बघते. म्हणजे ही मोटार 15,000 च्या पुढे जाऊ पाहते. प्रॉपची भूक फेऱ्यांच्या घनाने वाढते. फेरे दुप्पट झाले की वॉट आठपट. 15,500 फेऱ्यांना त्या प्रॉपला दांड्यावरच 2,000 हून जास्त वॉट हवेत, आणि मोटार आहे 500-600 वॉटची. मोटार "मला जमणार नाही" असं सांगत नाही. ती अँपिअर ओढत राहते, वाइंडिंगचं वार्निश करपेपर्यंत. शिवाय 12 इंची पातळ इलेक्ट्रिक प्रॉप 12,000 फेऱ्यांच्या पुढे नेऊच नये, पातं निखळू शकतं.

"फुल थ्रॉटल देणारच नाही, मग काय होतंय?" असंही ऐकायला मिळतं. अर्ध्या थ्रॉटलवर ईएससी करंट सलग कमी करत नाही, तो तुकड्या-तुकड्यांनी देतो, आणि प्रत्येक तुकड्यात झटका मोठाच असतो. चुकीच्या प्रॉपवर अर्धा थ्रॉटल ही ईएससीसाठी विश्रांती नाही.

उलट बाजूची चूक कमी महागडी आहे. 4 सेलवर 500 केव्ही आणि 12x6 घातला तर काही जळत नाही. बॅटरीतून जेमतेम 150 वॉट निघतात आणि विमान गवतातून पुढेच सरकत नाही. अशा वेळी प्रॉप मोठा करता येतो किंवा सेल वाढवता येतात. म्हणून शंका असेल तर कमी केव्हीकडे झुकावं.

मग मोटारीची ताकद ओळखायची कशावरून? वजनावरून. बाहेरचं भांडं फिरणाऱ्या चांगल्या मोटारीचा दर ग्रॅमला 3 वॉट हा जुना ठोकताळा आहे. खान्देशात मी 2.5 धरायला सांगेन, कारण इथे 44-45 अंशांची हवा मोटारीला थंड करायच्या आधी स्वतःच तापलेली असते. 540 वॉटसाठी 200 ते 220 ग्रॅमची मोटार हवी. नावातल्या आकड्यांवर विसंबू नका. 2212 मधला 22 हा आतल्या दात्यांच्या चकतीचा व्यास असतो, तर 3536 मधला 35 हा बाहेरच्या भांड्याचा. दोन्ही दुकानात शेजारी ठेवलेल्या असतात आणि मापाची पद्धत वेगळी असते. ड्रोनसाठी सगळीकडे मिळणारी 2212 ही 50-55 ग्रॅमची मोटार आहे. तिच्यावर 1000 लिहिलेलं असो, 1400 असो की 2200, ती 130-150 वॉटचीच मोटार आहे. ती 2.3 किलोच्या विमानाला लावू नये. तराजू खोटं बोलत नाही, सोनाराकडे नेऊन तोला हवं तर.

म्हणून निवडीचा क्रम असा ठेवा. आधी विमानाचं वजन, बॅटरीसकट. मग ट्रेनरला किलोमागे किमान 160 वॉट, निवांत उडायला 200 ते 220, कसरतीला 300 च्या आसपास. मग तेवढे वॉट पेलणाऱ्या वजनाची मोटार. मग सेल किती हे ठरवा. मग चाकांच्या उंचीला बसेल तेवढा मोठा प्रॉप. आणि शेवटी, या सगळ्यांना जुळेल तो केव्ही. केव्ही हा हिशेबातून निघणारा आकडा आहे, हिशेबाची सुरुवात नव्हे.

चाकांच्या उंचीचा मुद्दा ग्लोवाल्यांनी नीट बघावा, कारण तिथे जुनी सवय आडवी येते. चाळीसचं इंजिन 10x6 चा प्रॉप 11,500 च्या आसपास फिरवतं, म्हणजे दांड्यावर साधारण 400 वॉट. इलेक्ट्रिकमध्ये तेवढेच वॉट 12x6 वर 9,200 फेऱ्यांत वापरलेले चांगले. मोठा प्रॉप सावकाश फिरला की ओढ जास्त मिळते आणि आवाज कमी होतो. पण प्रॉपचं टोक जमिनीला 25 मिलिमीटर जवळ येतं. कापसाच्या पऱ्हाट्या उपटलेल्या काळ्या रानात ढेकळं आणि खुंट असतात, तिथे पुढच्या चाकाची दांडी तेवढी लांब केलीच पाहिजे. प्रॉप बदलताना लक्षात ठेवा, वॉट व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतात. 10 वरून 12 इंच म्हणजे भूक दुप्पट. पिच 6 वरून 8 केला तर वाढ तिसऱ्या हिश्श्याचीच.

बाकीचं रूपांतर किट बांधणाऱ्याला अवघड नाही. प्रॉपची जागा प्लॅनवर आहे तिथेच राहिली पाहिजे, म्हणून फायरवॉलपुढे (मोटार जिच्यावर बसते ती नाकातली भिंत) स्टँड-ऑफ, म्हणजे आधाराचे खांब, किंवा प्लायची पेटी करून मोटार पुढे घ्या. उजवीकडे 2-3 अंश आणि खाली 1-2 अंशांचा कल प्लॅनप्रमाणेच ठेवा. फायरवॉल 5-6 मिलिमीटर प्लायची, 30 मिनिटांच्या इपॉक्सीने, मागून त्रिकोणी बाल्सा पट्ट्या लावून. ती पातळ करून ग्रॅम वाचवू नयेत. टाकीच्या जागी 3 मिलिमीटर लाइट प्लायचा बॅटरी ट्रे, वरून उघडणारं झाकण, आणि बॅटरी पुढे-मागे सरकवायला जागा. सीजी, म्हणजे विमानाचा तोलबिंदू, प्लॅनवरचाच. ग्लोला तो रिकाम्या टाकीने बघतात, इथे बॅटरी घालून बघायचा. हवा आत घेणाऱ्या छिद्रापेक्षा बाहेर जाणारं छिद्र दीडपट ते दुप्पट मोठं करा. पुढे मोठी तोंडं कापून मागे वाट न ठेवणं ही नेहमीची चूक आहे. ईएससी 38 अँपिअरला 60 चा घ्या आणि त्याचा बीईसी (रेडिओ रिसीव्हरला आणि पाती हलवणाऱ्या सर्व्हो मोटारींना वीज देणारा भाग) स्विचिंगचा असू द्या. साधा लिनियर बीईसी 4 सेलवर चार सर्व्हो चालवताना तापून बंद पडतो आणि रिसीव्हरच मरतो.

हिशेब कितीही नीट केला तरी वॉट मीटरशिवाय उडवू नका. विमान मागून दोरीने खांबाला बांधा, बॅटरी पूर्ण चार्ज, आणि हिशेबात आला त्यापेक्षा एक इंच लहान प्रॉपने सुरुवात करा. प्रॉपच्या पुढे किंवा त्याच्या रेषेत कोणी उभं राहू नये. फुल थ्रॉटल 10 सेकंद, वॉट आणि अँपिअर वाचा, बंद. मोटारीच्या मर्यादेत असेल तर पुढचा प्रॉप लावा. ठरलेला प्रॉप मिळाला की दोन मिनिटं चालवून मोटारीला हात लावा. हात ठेवता येत नसेल तर व्यास एक इंच कमी करा. ईएससीचं सेटिंग करताना मात्र प्रॉप काढलेलाच असला पाहिजे.

4 सेल 4000 मिलिअँपिअर-तासाची बॅटरी सरासरी 19 अँपिअरवर, 80 टक्के वापरली तर 10 मिनिटं चालते. टायमर 8 ला लावा. उन्हाळ्यात सकाळी 7 च्या आत उडवून घ्या आणि उतरल्यावर बॅटरी लगेच विमानातून काढून सावलीत ठेवा. बंद गाडीच्या डिकीत ठेवू नका. निवल्याशिवाय चार्जरला लावू नका, आणि आठवडाभर उडवायचं नसेल तर सेलला 3.8 व्होटवर आणून ठेवा.