टेक्सासमध्ये ब्लूबॉनेट तोडणे गुन्हा आहे का?

वसंतात टेक्सासला जाणाऱ्या पर्यटकांना हमखास बजावले जाते की, रस्त्याकडेची निळी ब्लूबॉनेट फुले तोडल्यास दंड होतो. वस्तुतः १९०१ पासून राज्यपुष्प असलेल्या या फुलासाठी असा स्वतंत्र कायदा नाही. मात्र राज्य उद्यानांतील वनस्पती तोडण्यास आणि खासगी कुरणात विनापरवानगी शिरण्यास मनाई आहे, आणि बहुधा त्यातूनच ही समजूत रुजली असावी. तरीही फुले न तोडलेलीच बरी, कारण हे वर्षायू रोप शेंगांतून सांडणाऱ्या बियांवरच पुन्हा उगवते, आणि छायाचित्रासाठी ताटव्यात फतकल मारणाऱ्या हौशी मंडळींमुळे तर अख्खी रोपेच चिरडतात. एप्रिलच्या सुरुवातीस ऑस्टिनच्या पश्चिमेकडील हिल कंट्री या टेकड्यांच्या प्रदेशात किंवा डॅलसच्या दक्षिणेस एनिस येथे जावे. गवतातल्या रॅटलस्नेक या विषारी सापाची भीती मात्र खरी आहे.