पार्श्वभूमी: मेरीलँडचा कॅम्पस ते बिलगावचा धबधबा

अमेरिकेत शिकायला गेलेली भारतीय मुले गावाकडच्या कामात कशी ओढली गेली, हे पाहायचे तर १९९१ पासून सुरुवात करावी. त्या वर्षी बर्कलीत संदीप पांडे, दीपक गुप्ता आणि व्ही. जे. पी. श्रीवास्तव यांनी भारतातल्या मुलांच्या शिक्षणासाठी निधी जमवणारी 'आशा' ही संस्था सुरू केली. त्याच वर्षी आयआयटी मुंबईतून मेरीलँड विद्यापीठात गेलेले रवी कुचीमंची यांनी 'असोसिएशन फॉर इंडियाज डेव्हलपमेंट', म्हणजे 'एड', उभी केली.

घरची ओढ प्रत्येक पिढीला असतेच. तेव्हा तिला हिशेबाची जोड मिळाली. जुलै १९९१ मध्ये रुपयाचे अवमूल्यन झाले आणि डॉलर पंचवीस रुपयांच्या आसपास गेला. स्टायपेंडमधून वाचवलेले दहा डॉलर इकडे अडीचशे रुपये होत. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला फार तर २० तास काम करता येते, तेही सहसा कॅम्पसवरच. बाहेर कमाईची सोय नाही, हाताशी शनिवार-रविवार आणि विद्यापीठातली फुकटची खोली; बैठका तिथेच. (एक खाचखळगा: जी जागा एरवी पगारी असते, ती बिनपगारी सांभाळली तरी व्हिसाच्या नियमांत तो रोजगार ठरू शकतो.)

अशा गटांचे दुखणे ठरलेले. पदवी हातात पडली की खजिनदार दुसऱ्या शहरात जातो आणि पावत्या त्याच्या लॅपटॉपवर राहतात. पैसे इकडे घ्यायलाही एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांवरच्या कायद्याखाली, नोंदणी लागते. २०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशी देणगी आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावी लागते, आणि ती दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही. मोठ्या संस्थेमार्फत छोट्या गटाला मदत पोचवायची जुनी वाट त्यामुळे बंद झाली.

पैसे पाठवणे त्यातल्या त्यात सोपे. शिकलेले वापरणे अवघड. कुचीमंची भारतात परतले आणि 'एड'चा नर्मदा खोऱ्याशी संबंध घट्ट झाला. नंदुरबार जिल्ह्यात धडगाव तालुक्यातल्या बिलगावात उदई नदीचा सुमारे नऊ मीटरचा धबधबा आहे. केरळच्या अभियंत्यांची मदत आणि गावकऱ्यांचे श्रमदान यांतून तिथे १५ किलोवॅटचा जलविद्युत प्रकल्प २००३ मध्ये सुरू झाला.

एवढ्या उंचीवर, ६० टक्के कार्यक्षमता धरली, तर १५ किलोवॅटसाठी सेकंदाला सुमारे २८० लिटर पाणी लागते. ही वीज तीनशे घरांत वाटली तर घरटी पन्नास वॅट: दोन-तीन दिवे, पंखा नाही. अशा छोट्या प्रकल्पांत बिघडते ते बहुधा साध्या गोष्टींमुळे. पावसाळ्यात पालापाचोळा आणि गोटे जाळीत अडकतात; जाळी रोज साफ केली नाही तर पाणी कमी पडते. रात्री सगळे दिवे एकदम मालवले की भार उतरतो, टर्बाइन सुसाट सुटते, व्होल्टेज चढते आणि चालू राहिलेले बल्ब उडतात. म्हणून लोड कंट्रोलर बसवून उरलेली वीज हीटरमध्ये जाळावी लागते. गावातल्याच दोघा-तिघांना हे शिकवले नसेल, तर यंत्र कितीही चांगले असो, पहिल्याच पावसाळ्यात बंद पडते.

बिलगावचा प्रकल्प मात्र अशा बिघाडाने थांबला नाही. २००६ च्या पावसाळ्यात सरदार सरोवराचे पाणी वर चढत आले. धबधब्याच्या वरचे आणि खालचे पाणी एका पातळीला आले. नऊ मीटरचा तो फरकच बुडाला.