साथ, महासाथ आणि प्रदेशनिष्ठ रोग

लोकसमूहात रोग कसा पसरला आहे हे सांगण्यासाठी साथरोगशास्त्रात वापरल्या जाणाऱ्या तीन संज्ञा. एखाद्या भागात वर्षानुवर्षे कमीअधिक त्याच प्रमाणात आढळत राहणारा रोग प्रदेशनिष्ठ. डॉक्टरांच्या बोलण्यात एंडेमिक. त्या भागात रुग्णांची संख्या नेहमीपेक्षा लक्षणीय वाढली की साथ. साथ अनेक देशांत आणि खंडांत पसरली की महासाथ, म्हणजेच पॅन्डेमिक. रोग किती जीवघेणा आहे, हे यांपैकी एकही संज्ञा सांगत नाही. ‘कोरोना आता एंडेमिक झाला, म्हणजे निरुपद्रवी झाला’ हा गेल्या काही वर्षांतला लोकप्रिय समज म्हणूनच चुकीचा आहे.

साथ ठरवताना ‘नेहमीपेक्षा’ हा भाग कळीचा असतो. त्यासाठी ठरलेला एकच आकडा नाही. मागील काही वर्षांत त्याच आठवड्यांत किती रुग्ण आढळले याची सरासरी काढतात, तिच्यावर दोन प्रमाण विचलनांची (आकड्यांच्या नेहमीच्या चढउताराचे माप) मर्यादा धरतात आणि ती ओलांडली गेली की साथीचा इशारा मानतात. नागपुरात सप्टेंबरमध्ये डेंग्यूचे जितके रुग्ण सापडणे अपेक्षित असते, तितकेच फेब्रुवारीत सापडले तर ती साथ ठरेल. नैसर्गिक विषाणूमुळे झालेल्या पोलिओचा देशातील शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला. त्यामुळे आज एक रुग्ण सापडला तरी ती आणीबाणीच. हा हिशेब ठेवण्यासाठी २००४ मध्ये सुरू झालेला एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम देशभर चालतो. नोंदीच नीट झाल्या नाहीत तर साथ येऊनही कागदावर दिसत नाही, ही या पद्धतीची उघड मर्यादा आहे.

डेंग्यूच्या नागपुरी हंगामाला उन्हाळ्याचाही हातभार लागतो. पारा ४५ अंशांच्या आसपास जाणाऱ्या या शहरात घरोघरी कूलर असतात. पाऊस सुरू झाला की ते बंद होतात, पण टाकीतले पाणी तसेच राहते. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला अंड्यापासून उडण्यापर्यंत साधारण आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगतात. मात्र नुसते पाणी ओतून देणे पुरेसे नाही. अंडी टाकीच्या कडेला चिकटून महिनोन्‌महिने कोरडी तग धरतात, त्यामुळे टाकी घासावीच लागते. महापालिकेची पथके घरात शिरून कूलर पाहू लागली की अनेकांना तो आगाऊपणा वाटतो. प्रत्यक्षात प्रदेशनिष्ठ रोग मर्यादेत ठेवण्याचे हेच रोजचे काम आहे.

साथ आणि प्रदेशनिष्ठ रोग यांतील फरक समजण्यासाठी १९६५ चे नागपूर उपयोगी पडते. त्या वर्षी शहरात तापाची मोठी साथ होती. कारण चिकुनगुन्या आणि डेंग्यू. रुग्णांचे रक्त तपासताना दोघांच्या नमुन्यांत एक अनोळखी विषाणू सापडला. वस्तीच्या नावावरून त्याला चांदीपुरा म्हटले गेले आणि जगाच्या विषाणूशास्त्रात नागपूरचा हा पत्ता कायमचा नोंदला गेला. पुढे चिकुनगुन्या आणि चांदीपुरा वेगवेगळ्या वाटेने गेले. चिकुनगुन्या १९७३ च्या बार्शीतील साथीनंतर देशातून जवळपास दिसेनासा झाला आणि २००५-०६ मध्ये एकदम उसळला. याचे कारण असे की याचा विषाणू रक्तात थोडेच दिवस राहतो आणि बऱ्या झालेल्या माणसाला हा आजार पुन्हा सहसा होत नाही. गावातली बहुतेक माणसे आजारून उठली की विषाणूला नवे शरीर मिळत नाही. नव्या पिढीत प्रतिकारशक्ती नसलेली माणसे साठली की त्याला पुन्हा वाट मिळते.

चांदीपुरा वाळूमाशीमार्फत पसरतो. ही बारीक माशी मातीच्या भिंतींच्या भेगांत, गोठ्याच्या आसपास राहते. २००३ मध्ये आंध्र प्रदेशात आणि विदर्भात मुलांना मेंदूज्वर झाला. आंध्र प्रदेशात ३२९ रुग्णांपैकी १८३ दगावले. २०२४ मध्ये गुजरातेत पुन्हा साथ आली. मेंदूज्वर झालेल्यांतील मृत्यूचे प्रमाण पाहिले तर हा रोग कोरोनापेक्षा कितीतरी भीषण ठरतो, तरीही तो महासाथ होऊ शकलेला नाही. माशीची झेप लहान आणि रोग माणसाकडून माणसाला थेट लागत नाही, म्हणून त्याचा पल्ला काही राज्यांपुरताच राहिला.

वर्षानुवर्षे टिकायचे तर रोगाला कुठेतरी तळ ठोकावा लागतो. सरासरी एका रुग्णाकडून पुढे एकालाच लागण होत राहिली की रोग ना वाढतो ना संपतो. हत्तीरोगाचे उदाहरण विदर्भात घरचेच आहे. त्याचे कृमी माणसाच्या लसिकावाहिन्यांत, म्हणजे ऊतकांतला द्रव वाहून नेणाऱ्या नलिकांत, कित्येक वर्षे जगतात आणि गटारांतल्या पाण्यात वाढणारा क्युलेक्स डास सूक्ष्म कृमी एका शरीरातून दुसऱ्यात नेतो. हे सूक्ष्म कृमी रात्रीच रक्तात फिरतात, म्हणून रक्ताचा थेंब घ्यायला आरोग्य कर्मचारी रात्री दारात येतात. डीईसी आणि अल्बेंडाझोल या कृमींवरील औषधांच्या जोडीला आयव्हरमेक्टिन देण्याची तिहेरी औषधयोजना देशात ज्या मोजक्या जिल्ह्यांत आधी सुरू झाली, त्यांत २०१९ मध्ये नागपूर होते. गोळ्या कर्मचाऱ्यासमोरच गिळायच्या असतात. ‘नंतर घेतो’ म्हणून त्या डब्यात ठेवणारे लोक ही मोहिमेची जुनी डोकेदुखी. सुजलेला पाय किंवा अंडवृद्धी यांनी मरण सहसा येत नाही, पण उमेदीची वर्षे जातात. अशा रोगाच्या बातम्या होत नाहीत. प्रदेशनिष्ठ असण्याचा सर्वांत वाईट परिणाम हाच: लोकांना आणि यंत्रणेलाही त्याची सवय होते.

महासाथीची घोषणा वैद्यकीय तितकीच प्रशासकीय बाब आहे. जागतिक आरोग्य संघटनेने ३० जानेवारी २०२० रोजी कोरोनासाठी आंतरराष्ट्रीय आरोग्य आणीबाणी जाहीर केली. महासाथ हा शब्द ११ मार्चला वापरला. त्याच दिवशी नागपुरातील पहिला रुग्ण निष्पन्न झाला. आणीबाणी ५ मे २०२३ रोजी उठली, विषाणू मात्र गेला नाही. ‘महासाथ आणीबाणी’ची रीतसर व्याख्या आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांत २०२४ च्या दुरुस्तीने आली.

महासाथ ओसरली की तिचा विषाणू बहुधा हंगामी होऊन उरतो. १९१८ चा इन्फ्लुएंझा जूनमध्ये मुंबईत आला आणि पावसाळ्यानंतरच्या दुसऱ्या, अधिक घातक लाटेत देशभर पसरला. नागपूर राजधानी असलेला मध्यप्रांत व वऱ्हाड सर्वाधिक मृत्युदर असलेल्या प्रांतांपैकी होता. २००९ च्या स्वाइन फ्लूची महासाथ ऑगस्ट २०१० मध्ये संपल्याचे जाहीर झाले, तरी २०१५ मध्ये तोच विषाणू विदर्भासह देशात जोरात परतला. पटकी (कॉलरा) तर एकाच वेळी तिन्ही रूपांत वावरते: गंगेच्या त्रिभुज प्रदेशात प्रदेशनिष्ठ, दूषित पाण्याच्या गावात साथ, आणि १९६१ पासून चालू असलेली सातवी महासाथ. पूर्ण नाहीसा झालेला मानवी रोग एकच, देवी; तिचे उच्चाटन १९८० मध्ये जाहीर झाले.

भारतात साथींसाठी १८९७ चा साथरोग कायदा आहे. मुंबईतील प्लेगच्या वेळी घाईने केलेला हा कायदा मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात पुन्हा लागू झाला. त्याचा रोख भयंकर साथीवर आहे; हत्तीरोग, हिवताप यांसारख्या ठाण मांडून बसलेल्या रोगांचे काम राष्ट्रीय कार्यक्रमांतून चालते. प्राण्यांकडून माणसांत येणाऱ्या रोगांच्या अभ्यासासाठी नागपुरात राष्ट्रीय एकल आरोग्य (वन हेल्थ) संस्थेची पायाभरणी ११ डिसेंबर २०२२ रोजी झाली.