राजाराम बंधारा आणि रात्रीचा पिंग

जुलै-ऑगस्टात कोल्हापुरात कुणी नुसतं "किती?" विचारलं, तरी उत्तर फुटांत येतं. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा पातळी, ४३ वर धोका पातळी. ठरावीक वेळाने आकडा वाचायचा, रेषेशी ताडायचा, रेष ओलांडली की कळवायचं. नेटवर्क सांभाळणाऱ्याची निम्मी नोकरी हीच. आमचा आकडा वाचायला मात्र माणूस बसत नाही, पाच-सात ओळींची स्क्रिप्ट, म्हणजे संगणकाला द्यायच्या कमांडची (हुकमांची) यादी, बसते. तिचा माग काढत गेलं की जवळपास प्रत्येक टप्प्यावर कुणीतरी कामाला वैतागलेला माणूस भेटतो.

पहिला लुई पूझाँ. १९६३ च्या सुमारास हा फ्रेंच अभियंता एमआयटीमध्ये, एकच संगणक अनेकांनी वाटून वापरायच्या सीटीएसएस या यंत्रणेवर काम करत होता. त्याच त्या कमांड रोज टाइप करण्यापेक्षा त्या एका फाइलीत लिहाव्यात आणि फाइलच चालवावी, म्हणून त्याने 'रनकॉम' लिहिला. कमांड ऐकून त्या चालवणाऱ्या प्रोग्रामला 'शेल' म्हणतात, तो शब्दही त्याचाच. आज लिनक्सवर आपण शेलची 'बॅशआरसी' ही सेटिंगची फाइल उघडतो, त्यातला 'आरसी' म्हणजे त्याच रनकॉमची उरलेली खूण. उद्यमनगरात वाढलेल्याला हे समजावून सांगावं लागत नाही. पहिल्या नगाला माप घेऊन भोक पाडायचं, पण तेच भोक शंभर नगांना पाडायचं असेल तर आधी जिग, म्हणजे भोकाची जागा ठरवून देणारा साचा, करायचा. कारागिराचं मोजमाप जिगमध्ये राहतं, मग भोक शिकाऊ पोरानं पाडलं तरी चालतं. आणि जिग चुकला तर शंभरच्या शंभर नग भंगारात जातात. हे पुढे माझ्याच अंगाशी यायचं होतं.

युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये १९७३ ला पाइप आला, म्हणजे एका प्रोग्रामचं उत्तर थेट दुसऱ्याच्या तोंडात. १९७९ च्या सातव्या आवृत्तीत बोर्न शेल आणि ठरल्या वेळी काम सुरू करणारा क्रॉन मिळाला. नेटवर्कवाल्यांचं स्वतःचं हत्यार मात्र डिसेंबर १९८३ मधलं. अमेरिकी लष्कराच्या बॅलिस्टिक रिसर्च लॅबोरेटरीत माइक म्यूस याला नेटवर्कचं एक विचित्र दुखणं शोधायचं होतं. पाणबुडीच्या सोनारवरून नाव घेऊन त्याने एका संध्याकाळी 'पिंग' लिहिला: दुसऱ्या यंत्राला हाक मारायची आणि उत्तर येतं का ते पाहायचं. गंमत अशी की पहिला पिंग सुटायच्या आतच ते बिघडलेलं हार्डवेअर सापडून दुरुस्तही झालं होतं!

म्यूसनेच सांगितलेला एक किस्सा मला फार आवडतो. एकाच्या इमारतीत नेटवर्क मधूनच तुटायचं. त्याने पिंगचं उत्तर पाइपमधून बोलणाऱ्या प्रोग्रामला जोडलं. उत्तर आलं की संगणक मोठ्याने "पिंग" म्हणायचा. मग आवाज वाढवून गडी इमारतभर केबलचे जोड हलवत फिरला आणि आवाज थांबला तिथे दोष पकडला. आपल्याकडे अजूनही एक जण खाली रॅकपाशी आणि दुसरा वरून "येतोय का रे पिंग?" ओरडत असतो. तिकडे दुसऱ्या माणसाची जागा एका ओळीने घेतली होती.

नेटवर्क जोडणाऱ्या राउटर-स्विच या डब्यांचं दुखणं वेगळं होतं. टेलनेटने, म्हणजे दुरून जोडणी करणाऱ्या प्रोग्रामने, आत शिरलं की ते नाव विचारणार, पासवर्ड विचारणार, पान भरलं की थांबणार. प्रश्नाला उत्तर द्यायला समोर माणूस हवाच. १९९० मध्ये डॉन लिब्सचं 'एक्स्पेक्ट' आलं. अमुक शब्द दिसेपर्यंत थांब आणि दिसला की तमुक पाठव, एवढंच त्याचं काम. पण टेलनेटमध्ये पासवर्ड उघडाच जायचा. फिनलंडमधल्या हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठाच्या नेटवर्कवर अशीच पासवर्डचोरी झाल्यावर तातू इलोनेनने १९९५ मध्ये सगळं सांकेतिक करून पाठवणारं एसएसएच लिहिलं. त्याच वर्षी १५ ऑगस्टला विदेश संचार निगमने आपल्याकडे इंटरनेट सर्वसामान्यांना खुलं केलं. कोल्हापूरच्या कार्यालयांत नेटवर्क पोहोचेपर्यंत ही हत्यारं तयार होती. आम्ही आयत्या बिळावरचे नागोबा.

विंडोजकडे बराच काळ बॅट फाइलींवर, म्हणजे साध्या स्क्रिप्टांवर, भागवलं गेलं. जेफ्री स्नोव्हरने २००२ मध्ये मांडलेली कल्पना २००६ ला पॉवरशेल म्हणून बाहेर आली.

मधल्या काळात जाणत्यांना वाटत होतं की १९८८ पासून एसएनएमपी ही नेटवर्कच्या डब्यांवर देखरेख आणि नियंत्रण ठेवायची ठरलेली पद्धत आहे, सगळे तेच वापरतील. २००२ मध्ये इंटरनेट आर्किटेक्चर बोर्डाने नेटवर्क चालवणाऱ्यांना समोर बसवून विचारलं. पुढच्या वर्षी आलेल्या आरएफसी ३५३५ या अहवालात खरं चित्र आहे: एसएनएमपी देखरेखीपुरतं, प्रत्यक्ष बदल कमांड लाइनवर आणि घरच्या स्क्रिप्टांनी. त्या खटपटीतून २००६ मध्ये असे बदल करण्यासाठीच बनवलेलं नेटकॉन्फ आलं. तरी छोट्या ठिकाणी अजून शेल आणि पायथन भाषेतल्या स्क्रिप्टाच.

आता माझा जिग. एका संस्थेच्या सगळ्या शाखांतल्या स्विचवर व्हीलॅन (एकाच स्विचवर पाडलेले नेटवर्कचे वेगवेगळे कप्पे) बदलायची स्क्रिप्ट मी कोल्हापुरात बसून चालवली. ज्या पोर्टमधून मी आत शिरत होतो, तोच पोर्ट यादीत राहिला होता. एकेक शाखा गप्प होत गेली. भर पावसात थेट स्विचला जोडायची कन्सोल केबल घेऊन गडहिंग्लज गाठलं. लॅपटॉप जोडत होतो तेव्हा तिथले शिपाईमामा म्हणाले, "साहेब, खटका बंद करून चालू केला असता तर? फोनवर सांगायचं की, मीच पाडला असता."

मामांचं बरोबर होतं. स्क्रिप्ट मध्येच तुटल्यामुळे बदल स्विचमध्ये सेव्ह झालाच नव्हता. वीज गेली असती तरी जुनं कॉन्फिग परत आलं असतं. बाकीच्या शाखा मी फोनवरच उठवल्या. तेव्हापासून सिस्को कंपनीच्या डब्यावर दुरून काही बदलायचं असेल तर आधी 'रीलोड इन १०' देतो. सगळं नीट झालं तर रद्द करायचं. मी बाहेर फेकलो गेलोच, तर दहा मिनिटांनी डबा आपला आपण खटका पाडून घेतो.