बिअर, बेकन आणि चेडर: विस्कॉन्सिनच्या बटाटा सूपमागची गोष्ट

अमेरिकेच्या उत्तरेला, मिशिगन सरोवराच्या काठावर विस्कॉन्सिन राज्य आहे. तिथे थंडी पडली की घरोघरी आणि बारमध्ये एक सूप शिजतं. बेकनच्या, म्हणजे खारवून धुरावलेल्या डुकराच्या मांसाच्या कापांच्या, सुटलेल्या चरबीत कांदा आणि मैदा परतायचा, त्यात बिअर ओतायची, बटाट्याच्या फोडी शिजवायच्या, दूध घालायचं आणि शेवटी मूठमूठ किसलेलं चेडर चीज. चमचा उभा राहावा इतकं दाट. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, बारमध्ये उरलंसुरलं होतं ते कोणीतरी एका पातेल्यात लोटलं असावं. पण एकेक जिन्नस कुठून आला हे बघत मागे जाऊ लागले, तेव्हा कळलं की यातली एकही गोष्ट चैन म्हणून पातेल्यात पडलेली नाही. प्रत्येकीच्या मागे कसली ना कसली टंचाई आहे.

बटाटा आणि बिअर एकाच हंड्यात शिजल्याची एक ठसठशीत नोंद म्युनिक शहरातली आहे. बेंजामिन थॉम्सन हा १७५३ साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये जन्मलेला माणूस. स्वातंत्र्ययुद्धात तो ब्रिटिशांच्या बाजूने राहिला, देश सोडून गेला आणि पुढे दक्षिण जर्मनीतल्या बव्हेरियाच्या राज्यकर्त्याच्या नोकरीत चढत चढत काउंट रम्फर्ड झाला. १ जानेवारी १७९० रोजी त्याने म्युनिकच्या रस्त्यांवरचे भिकारी एकाच दिवशी पकडून एका कामशाळेत आणले. तिथे सूत कातायचं, लष्करासाठी कापड करायचं आणि त्या बदल्यात पोटाला गरम जेवण. इतक्या तोंडांना कमीत कमी खर्चात पोटभर कसं घालायचं, या प्रश्नाच्या तो अक्षरशः मागे लागला. उष्णतेवर संशोधन करणारा शास्त्रज्ञच होता तो. चुलीत लाकूड किती जळतं इथपासून सगळं मोजायचा.

त्याच्या सूपमध्ये सातू, वाटाणा, बटाटा, मीठ, पाण्यासारखा पातळ व्हिनेगर किंवा त्याऐवजी आंबलेली हलकी बिअर, आणि वाढताना वरून घातलेले शिळ्या पावाचे तुकडे असत. पाव शिजवायचा नाही, कारण चावावा लागला की पोट भरल्यासारखं वाटतं, असं त्याचं म्हणणं. बटाट्याचं मात्र त्याने गुपित ठेवलं होतं. म्युनिकच्या लोकांना बटाट्याची घृणा होती, म्हणून बटाटे आडबाजूच्या खोलीत शिजवून, पार विरघळून ओळखू येणार नाहीत असे करून हंड्यात सोडले जात. लोकांना सूप आवडू लागल्यावर मग खरं काय ते सांगितलं गेलं. तोवर चव जिभेवर बसली होती.

भिकेला लागलेल्या माणसालाही बटाटा नको वाटावा, हे आज आपल्याला समजणं कठीण आहे. आपल्याकडे उपासालासुद्धा बटाटा चालतो. पण हा कंद मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातला. तितिकाका सरोवराच्या आसपास हजारो वर्षं त्याची लागवड होत होती. रात्रीच्या हिमात गोठवून, दिवसा उन्हात पायाने तुडवून पाणी काढलेला ‘चुन्यो’ नावाचा सुका बटाटा तिथले लोक वर्षानुवर्षं साठवत. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी तो युरोपात आणला. युरोपीय शेतकऱ्याला तो संशयास्पद वाटला: जमिनीखाली वाढतो, बायबलात नाव नाही, आणि विषारी समजल्या जाणाऱ्या झाडांच्या कुळातला. नावाचाही घोळ झाला. कॅरिबियन बेटांवर ‘बटाटा’ म्हणजे रताळं. तोच शब्द पोर्तुगीजांच्या तोंडून बटाट्याला चिकटला आणि त्यांच्याच जहाजांतून आपल्या किनाऱ्यावर उतरला. उत्तरेकडे ‘आलू’ आणि मराठीत ‘बटाटा’ का, याचं उत्तर गोव्याच्या बंदरात आहे.

उत्तर जर्मनीतल्या प्रशिया राज्याचा राजा दुसरा फ्रेडरिक याने २४ मार्च १७५६ रोजी अधिकाऱ्यांना फर्मान काढलं: शेतकऱ्यांना बटाटा समजावून सांगा आणि लावायला लावा. राजाने शेताभोवती पहारा ठेवला, मग लोकांनी चोरून बटाटे नेले, ही गोष्ट प्रशियातही सांगतात आणि फ्रान्समध्ये पार्मांतिये या औषधनिर्मात्याच्या नावावरही; एकच गोष्ट दोन देशांत सापडते तेव्हा ती लोककथा समजावी. पण पार्मांतिये सात वर्षांच्या युद्धात प्रशियाच्या कैदेत होता आणि तिथे त्याला बटाटे खायला घातले गेले, हे खरं आहे. सुटून आल्यावर त्याने फ्रान्समध्ये बटाट्याचा ध्यास घेतला. फ्रेंच स्वयंपाकात लीक (कांद्याच्या पातीसारखी भाजी) आणि बटाट्याच्या सूपला आजही त्याचं नाव आहे. आणि बर्लिनजवळ पॉट्सडॅमला फ्रेडरिकच्या साध्या थडग्यावर लोक फुलांबरोबर बटाटे ठेवून जातात.

याच फ्रेडरिकचं बिअरशीही नातं आहे. त्या काळी जर्मन मुलखात सकाळची न्याहारी म्हणजे बिअर सूप. घरची हलकी बिअर गरम करायची, लोणी, पीठ, असलं तर अंड्याचा बलक घालून दाट करायची आणि त्यात पाव कुस्करायचा. लहान मुलंही तेच खात. आपल्याकडे आंबील किंवा पेज जिथे बसते, त्या जागी हे सूप होतं: धान्य, आंबवण आणि ऊब, तिन्ही एका वाडग्यात. कॉफी आली आणि ही न्याहारी मागे पडू लागली. परदेशी कॉफीवर पैसा बाहेर जातो याचा फ्रेडरिकला राग. १७८१ साली त्याने कॉफी भाजण्याचा हक्क सरकारकडे घेतला आणि बर्लिनच्या गल्ल्यांतून वास घेत फिरायला, चोरून कॉफी कोण भाजतं ते पकडायला माणसं नेमली. इतकं करूनही न्याहारीच्या टेबलावर शेवटी कॉफीच जिंकली. बिअर सूप रोजच्या खाण्यातून गेलं, पण बिअर हा स्वयंपाकातला जिन्नस आहे ही सवय जर्मन घरांतून गेली नाही.

दरम्यान बटाट्याने मात्र जर्मन स्वयंपाकघर पुरतं काबीज केलं. गाजर, सेलरीचा कंद, लीक, थोडा मार्जोरम आणि खारवून धुरावलेल्या डुकराच्या चरबीचे, म्हणजे ‘श्पेक’चे तुकडे, असं बटाटा सूप घरोघरी झालं. श्पेक ही हिवाळ्याची बेगमी. थंडी सुरू होताना घरचं डुक्कर कापायचं, मीठ लावायचं, धुरावर टांगायचं आणि मग वसंत येईतो एकेक काप काढत जायचं. मूठभर तुकड्यांनी पातेलंभर बटाट्याला चव येते. बेकन सूपमध्ये आलं ते या काटकसरीतून. मांस खायला मिळावं म्हणून नव्हे, मांसाचा वास तरी लागावा म्हणून.

मग १८४५ आलं. फायटोफ्थोरा नावाच्या रोगाने बेल्जियमपासून आयर्लंडपर्यंत बटाट्याची शेतं काही दिवसांत काळी पडली. आयर्लंडचा दुष्काळ सगळ्यांना माहीत आहे, पण जर्मन मुलखातही बटाटा कुजला, पाठोपाठ राईचं पीक बुडालं, आणि एप्रिल १८४७ मध्ये बर्लिनच्या बाजारात बायकांनी बटाट्याच्या गाड्या लुटल्या. बर्लिनकर त्याला ‘बटाटा क्रांती’ म्हणतात. पुढच्या वर्षी खरी क्रांती झाली आणि फसली. ज्या पिकाने प्रजा वाढवली, त्याच्याच नासाडीने प्रजेला बोटीत बसवलं. २९ मे १८४८ रोजी विस्कॉन्सिन राज्य झालं; तिथे जमीन स्वस्त होती, हवा ओळखीची होती आणि जर्मन माणसं आधीच पोचलेली होती. बाल्टिक किनाऱ्यावरच्या पोमेरेनियाकडचे लुथरपंथी १८३९ मध्येच मिलवॉकीजवळ फ्राइश्टाट वसवून बसले होते.

बिअर त्यांच्याबरोबरच आली. मिलवॉकीत १८४४ साली बेस्ट कुटुंबाने भट्टी घातली, तीच पुढे पाब्स्ट झाली. १८४९ मध्ये क्रूगची भट्टी, जी श्लिट्झ झाली. १८५५ मध्ये फ्रेडरिक मिलरने एक बंद पडलेली भट्टी विकत घेतली. हे सगळे लागर जातीची बिअर करणारे. लागरला महिनोन्महिने गारव्यात मुरावं लागतं, आणि यंत्राचा बर्फ येण्याआधी गारवा म्हणजे हिवाळ्यात नद्या-तळ्यांवरून कापलेला बर्फ. मिलवॉकीला तो फुकटात पडत होता.

राहिलं चीज, आणि इथे गोष्ट जर्मनांच्या हातून निसटते. सुरुवातीला विस्कॉन्सिन हा गव्हाचा मुलूख होता. दरसाल गहूच गहू घेऊन जमिनीचा कस गेला, वर पिकाचा रस शोषणाऱ्या किडीने १८६०च्या दशकात शेतं झोपवली. काय करायचं? न्यूयॉर्क राज्यातून आलेल्या शेतकऱ्यांना दुसरं एक काम येत होतं: इंग्रजी पद्धतीचं चेडर. त्यांच्यातला चेस्टर हेझन. त्याने १८६४ मध्ये लडोगा गावी चीजचा कारखाना काढला, आसपासच्या शेतकऱ्यांचं दूध एके ठिकाणी गोळा करून. १८७२ मध्ये दूध उत्पादकांची संघटना झाली. तिच्या मागे विल्यम डेम्पस्टर होर्ड होता. तो पुढे राज्याचा गव्हर्नर झाला. गव्हाचा शेतकरी गाईकडे वळवणं सोपं नव्हतं. गव्हाला हिवाळ्यात सुट्टी असते, गाईला नसते.

दूध गोळा करायचं म्हटलं की पाण्याची भेसळ आलीच. विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या स्टीफन बॅबकॉकने १८९० मध्ये त्यावर उपाय काढला. लांब मानेच्या बाटलीत दूध आणि गंधकाम्ल घालायचं, बाटली गरगर फिरवायची. स्निग्धांश वर येऊन मानेत थांबतो आणि तिथल्या रेघांवर मोजता येतो. त्याने याचं पेटंट घेतलं नाही. आपल्या गावच्या डेअरीवर पहाटे ‘फॅट किती लागली?’ हा प्रश्न ज्याने ऐकलाय, त्याला या बाटलीची किंमत सांगायला नको. प्रामाणिक शेतकऱ्याला चांगल्या दुधाचे चांगले पैसे मिळू लागले, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विस्कॉन्सिनने चीजमध्ये न्यूयॉर्कलाही मागे टाकलं.

म्हणून हे सूप मला दोन शेजाऱ्यांचं वाटतं. बिअर, बटाटा आणि धुरावलेलं डुक्कर जर्मन घरातून आलं. चेडर आलं कुंपणापलीकडच्या इंग्रजी बोलणाऱ्या घरातून. चीज आणि बिअर एकत्र वितळवून पावावर ओतायची रीत इंग्लंड-वेल्समध्ये अठराव्या शतकापासून होतीच, ‘वेल्श रॅबिट’ या नावाने. बव्हेरियातही मऊ चीजमध्ये बिअर मळून ओबाट्स्दा करतात. दोघांनाही ही जोडी अनोळखी नव्हती. पातेलं एकच हवं होतं.

बेकनची गोष्ट थोडक्यात. जर्मनीतून आलेल्या ऑस्कर मायरने शिकागोत मांसाचं दुकान काढलं. त्याच्या कंपनीने १९१९ मध्ये विस्कॉन्सिनच्या राजधानीत, मॅडिसनला कारखाना घेतला आणि १९२४ मध्ये कापून पाकीटबंद केलेलं बेकन बाजारात आणलं. धुराड्यात टांगलेल्या श्पेकची जागा पाकिटाने घेतली.

दारूबंदीने चीज आणि बिअरचं नातं आणखी विचित्र केलं. १९२० ते १९३३ अमेरिकेत बिअर बेकायदा होती. मिलवॉकीच्या भट्ट्या काय विकणार? पाब्स्टने चक्क चीज काढलं, ‘पाब्स्ट-एट’ नावाचं मऊ, डब्यातलं. बिअरसाठी बांधलेल्या थंड तळघरांत चीज ठेवलं गेलं. ७ एप्रिल १९३३ रोजी हलकी बिअर पुन्हा कायदेशीर झाली आणि पाब्स्टने तो धंदा क्राफ्ट या चीज कंपनीला विकून टाकला.

डब्यातल्या मऊ चीजचा मुद्दा सूपच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे, कारण या सूपमध्ये बिघडायचं ते चीजच बिघडतं. माझं पहिल्या वेळी फुटलं. सूप खळखळत असताना मी दोन वर्षं मुरलेलं चेडर एकदम लोटलं; बघता बघता तळाला रबरासारखा गोळा आणि वर पिवळं तेल. चीजमधली प्रथिनं जास्त उष्णतेने आणि आंबटपणाने आकसतात, एकमेकांना घट्ट धरतात आणि चरबी बाहेर टाकतात. बिअर आंबटच असते. आपण कढीला बेसन लावतो ते नेमकं याचसाठी: पिठाचे कण मध्ये आले की ताक फुटत नाही. इथे ते काम बेकनच्या चरबीत परतलेला मैदा करतो, आणि त्याला मदत करतो पिठाळ बटाटा, थोडा पळीने ठेचलेला. स्वित्झर्लंडमध्ये १९११ साली सायट्रेट क्षार घालून न फुटणारं प्रोसेस्ड चीज केलं गेलं, १९१६ मध्ये क्राफ्टने अमेरिकेत आपल्या पद्धतीचं पेटंट घेतलं. म्हणूनच तिथल्या जुन्या हाताच्या बायका चांगल्या चेडरबरोबर एखादी प्रोसेस्ड चीजची चकती बिनदिक्कत टाकतात. मी ते कमीपणाचं मानत नाही.

बिअरचंही एक पथ्य आहे. हॉप्सचा, म्हणजे बिअरमध्ये घालतात त्या फुलांचा, कडूपणा आटवला की दाटतो, म्हणून एल जातीची कडू बिअर इथे नको. मिलवॉकीची साधी लागर हवी, आणि ती मैद्यावर आधी ओतून फेस खाली बसू द्यायचा. बटाटे मऊ झाले, दूध गरम झालं की पातेलं आचेवरून उतरवायचं. मग कोमट झालेल्या चीजची एकेक मूठ, प्रत्येक मूठ विरेपर्यंत ढवळत. सूप पळीला चिकटून सावकाश ओघळू लागलं की झालं.

वर कुरकुरीत बेकन घालायचं. आणि विस्कॉन्सिनमध्ये त्यावर मूठभर पॉपकॉर्न टाकतात, पावाच्या तुकड्यांच्या जागी. रम्फर्डच्या शिळ्या पावासारखंच ते कोरडं, वाढताना शेवटी पडतं, आणि भिजून मऊ व्हायच्या आत खायचं असतं.