इन्सुलिन कमी पडणे आणि इन्सुलिन लागू न पडणे

रक्तातली साखर वाढली की 'इन्सुलिन कमी झाले' असे सर्रास म्हटले जाते. वास्तविक यामागे दोन वेगळी कारणे असू शकतात: स्वादुपिंडातून इन्सुलिन पुरेसे न स्रवणे, किंवा स्रवलेल्या इन्सुलिनला पेशींनी पुरेशी दाद न देणे. इन्सुलिन-संवेदनशीलता म्हणजे पेशी अशी किती दाद देतात ते. ती घटली की त्या स्थितीलाच इन्सुलिन रेझिस्टन्स म्हणतात.

टोरांटोत १९२१ साली इन्सुलिनचा शोध लागल्यावर मधुमेह म्हणजे इन्सुलिनचा अभाव, हे समीकरण पक्के झाले होते. हॅरल्ड हिम्सवर्थ या ब्रिटिश डॉक्टरांनी रुग्णांना ग्लुकोज आणि इन्सुलिन एकाच वेळी देऊन पाहिले, तेव्हा काहींची साखर आटोक्यात राहिली आणि काहींची चढतच गेली. १९३६ साली त्यांनी मधुमेहाचे हे दोन प्रकार वेगळे मांडले.

जेवणानंतर इन्सुलिन स्नायूंच्या पेशींवरील ग्राहकाला (रिसेप्टरला) चिकटते, तेव्हा पेशीच्या आत साठवलेली ग्लुकोजवाहक प्रथिने पृष्ठभागावर येतात आणि साखर आत घेतली जाते. त्याच वेळी यकृताला साखर सोडणे थांबवण्याचा संदेश मिळतो. संवेदनशीलता घटली की एवढ्याच कामासाठी स्वादुपिंडाला जास्त इन्सुलिन ओतावे लागते. समजा, दोघांची उपाशीपोटी साखर ९२ आहे. एकाला त्यासाठी जेवढे इन्सुलिन लागते, त्याच्या तिप्पट दुसऱ्याला लागत असेल, तरी साखरेच्या अहवालात दोघेही निरोगीच दिसतील. म्हणूनच १०० च्या आतला आकडा पाहून निर्धास्त होणे मला पुरेसे वाटत नाही. वाढलेला कमरेचा घेर, रक्तातली जास्त ट्रायग्लिसराइड्स (एक प्रकारची चरबी) किंवा मानेच्या मागची काळसर, मखमलीसारखी जाड झालेली त्वचा कधी कधी साखरेच्या आधीच ही घटलेली संवेदनशीलता सुचवते.

रोजच्या जगण्याशी निगडित आहे ती मुख्यतः संवेदनशीलता. काम करणारा स्नायू इन्सुलिनच्या मदतीवाचूनही साखर ओढून घेतो, आणि व्यायामानंतर साधारण एक-दोन दिवस त्याची इन्सुलिनला दाद देण्याची क्षमता वाढलेली राहते. चालण्यात फार खंड पडू देऊ नये, तो यासाठीच. उलट काही रात्रींची अपुरी झोपही ती क्षमता घटवते. (गरोदरपणाच्या उत्तरार्धात मात्र ती निसर्गतःच कमी होते.)

टाइप १ मधुमेहाची गोष्ट निराळी आहे. तिथे इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशीच नष्ट झालेल्या असतात, त्यामुळे 'रोज चाला, मग इंजेक्शन सुटेल' हा सल्ला कितीही आपुलकीने दिलेला असला तरी तो जिवावर बेतू शकतो. टाइप २ मध्ये या दोन्ही गोष्टी एकमेकींत गुंतत जातात: आधी दाद कमी होते, स्वादुपिंड अनेक वर्षे जादा इन्सुलिन स्रवून ती तूट भरून काढते, आणि बीटा पेशींना तो भार पेलेनासा झाला की साखर चढू लागते.